संघकार्याचे शिल्पकार : डॉ. होमी भाभा

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली आगगाडी पालघर मागे टाकून पुढे गेली, की थोड्याच वेळात बोईसरचे स्थानक लागते. तेथून पश्चिमेस समुद्राच्या दिशेने वळले म्हणजे तारापूरचा किनारा येतो. मासेमारी, भातशेती आणि बागायत यांवर जगणाऱ्या या किनाऱ्यावर भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र उभारले गेले. दि. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी ते रीतसर कार्यान्वित झाले आणि तेथील वीज महाराष्ट्राला व गुजरातला मिळू लागली. परंतु ज्या पुरुषाने हे केंद्र प्रथम आपल्या मनात उभारले, तो हा दिवस पाहण्यास राहिला नव्हता. पावणेचार वर्षांपूर्वीच त्याचा अकाली अंत झाला होता. कर्ता पुरुष गेला, तरी काम मात्र थांबले नाही. असे कसे घडले, याचे उत्तर त्याच्या चरित्रातच सापडते. हा पुरुष म्हणजे डॉ. होमी जहांगीर भाभा.

होमींचा जन्म दि. ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा हे विलायतेत शिकलेले कायदेपंडित होते. आजोबांनी म्हैसूर संस्थानाच्या शिक्षणखात्यात मोठ्या अधिकारपदावर काम केले होते. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे विद्या आणि उद्योग या दोन्हींचे वारे त्या घरात खेळत असे. घरात उत्तम ग्रंथसंग्रह होता, तसाच पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचाही होता. लहानगा होमी पुस्तकांत रमे, तासन् तास संगीत ऐके आणि चित्रे काढी. गणित आणि विज्ञान यांची गोडी त्याला शाळेतच लागली. विज्ञान आणि कला यांचे हे सख्य पुढे आयुष्यभर टिकले.

मुंबईतील शिक्षण आटोपून १९२७ साली होमी इंग्लंडला केंब्रिज येथे गेले. वडिलांचा आणि दोराबजींचा बेत ठरलेला होता. मुलाने यंत्रशास्त्र शिकावे, परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठे काम करावे, अशी त्यांची इच्छा होती. पण केंब्रिजच्या वातावरणात होमींचे मन पदार्थविज्ञानाकडे ओढले गेले. अणूच्या अंतरंगात काय चालले आहे, याचा शोध तेथे जोमाने सुरू होता. कारखाना सांभाळण्याचे काम आपल्या प्रकृतीला मानवणारे नाही, हे होमींनी १९२८ साली वडिलांना पत्राने नम्रपणे पण स्पष्टपणे कळवले. वडिलांनी रागावून मुलाला माघारी बोलावले नाही. त्यांनी एक अट मात्र घातली. यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण हो, मग गणिताचा अभ्यास कर, खर्च मी सोशीन, अशी ती अट होती. होमींनी १९३० साली ती पुरी केली. पुढे दोन वर्षांत त्यांनी गणिताचीही परीक्षा उत्तम रीतीने दिली. जे काम आवडत नाही तेही नीट पुरे करून मगच आवडीच्या कामाचा हक्क मागावा, हा धडा त्यांनी तरुणपणीच गिरवला.

यानंतरची वर्षे संशोधनाची होती. अवकाशातून पृथ्वीवर अखंड येणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. १९३७ साली हाइटलर या शास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्यांनी या किरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली आणि त्यांचे नाव युरोपातील विद्वानांत आदराने घेतले जाऊ लागले. १९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले असता दुसरे महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याजवळ त्यांनी काम सुरू केले. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व त्यांना लाभले. परदेशातील विद्यापीठे त्यांना आनंदाने बोलावून घेतील, अशी त्यांची योग्यता होती. परंतु आता त्यांच्या मनाने निराळेच घेतले होते. आपले कर्तव्य आपल्याच देशात आहे, असे त्यांना वाटू लागले.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहिले. मूलभूत विज्ञानाचे संशोधन करणारी एक उत्तम संस्था देशात निघावी, अशी त्यांची विनंती होती. पुढेमागे अणुशक्तीपासून वीज निर्माण होईल, तेव्हा भारताला त्यासाठी लागणारे तज्ज्ञ परदेशांतून आणावे लागू नयेत, ते घरीच तयार असावेत, असा दूरवरचा विचार त्यात होता. हिरोशिमावर बाँब पडण्यापूर्वीच्या, अणुशक्तीचे नावही सामान्यांना ठाऊक नसलेल्या काळातील हे पत्र आहे. विनंती मान्य होऊन १ जून १९४५ रोजी बंगळूरमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. होमींचा जन्म याच बंगल्यात झाला होता.

संस्था कशी वाढवावी, याविषयी डॉ. भाभांची रीत इतरांहून वेगळी होती. आधी भव्य इमारत बांधावी, पदे ठरवावी आणि मग माणसे शोधावी, हे त्यांना पसंत नव्हते. आधी योग्य माणूस शोधावा, त्याला काम आणि साधने द्यावी आणि त्याच्याभोवती एक गट आपोआप वाढू द्यावा, असे त्यांचे धोरण होते. विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्यांचा एक गट झाला, गणितज्ञांचा दुसरा झाला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणाऱ्यांचा तिसरा झाला. दामोदर धर्मानंद कोसंबींसारखे स्वतंत्र बाण्याचे विद्वानही या संस्थेत येऊन काम करू लागले. प्रत्येक गटाला आपल्या क्षेत्रात मोकळीक असे. एका गटाने दुसऱ्याच्या कामात विनाकारण हात घालू नये, पण ज्ञान मात्र सर्वांना खुले असावे, अशी तेथील शिस्त होती.

१९४८ साली भारत सरकारने अणुशक्ती आयोग स्थापन केला आणि डॉ. भाभा त्याचे अध्यक्ष झाले. पंडित जवाहरलाल नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. १९५४ साली तुर्भे येथे अणुशक्ती संशोधनकेंद्राचे काम सुरू झाले. तेथे भारतीय अभियंत्यांनी बांधलेली अप्सरा ही अणुभट्टी दि. ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली. १९५७ साली तेथेच प्रशिक्षणशाळा निघाली. दरवर्षी निवडक तरुण पदवीधर तीत शिकून बाहेर पडत आणि आपापल्या विषयाच्या गटांत सामील होत. माणूस घडवण्याची ही व्यवस्था डॉ. भाभांच्या कार्याचा कणाच होती.

या सर्व कामांत आकडेमोडीचा डोंगर उभा राहू लागला. विश्वकिरणांचे गणित असो वा अणुभट्टीचा आराखडा असो, हाताने हिशेब करण्यात महिनेच्या महिने जात. परदेशांत इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रे निघाली होती. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने असे एक यंत्र विलायतेहून आणवले होते. पण यंत्र विकत घेण्याबरोबरच ते बनवण्याची विद्याही आपल्याजवळ असावी, असा डॉ. भाभांचा आग्रह होता. रंगस्वामी नरसिंहन् या तरुण शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक लहानसा गट १९५४ च्या सुमारास या कामाला लागला. त्यांतील कोणीही त्यापूर्वी गणकयंत्र बनवले नव्हते. आधी त्यांनी एक छोटे नमुनायंत्र तयार केले. त्यानंतर सुमारे २,७०० निर्वात नलिकांचे मोठे यंत्र उभारले. १९६० साली ते वापरात आले. १९६२ साली संस्थेच्या कुलाबा येथील नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले.

टिफ्रॅक केवळ आपल्याच संस्थेच्या दाराआड ठेवले गेले नाही. इतर संस्थांतील व विद्यापीठांतील संशोधकही आपली उदाहरणे घेऊन तेथे येत. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर प्रत्येकाचे काम लिहिलेले असे. यंत्र एका वेळी एकाचेच काम करी. बाकीच्यांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागे. यंत्र एक आणि गरजवंत अनेक, ही अडचण दिवसेंदिवस वाढू लागली. म्हणून १९६४ साली संस्थेत अमेरिकेतून सीडीसी ३६०० हे अधिक शक्तिमान यंत्र आणण्यात आले आणि देशभरच्या संशोधकांसाठी ते राष्ट्रीय गणनकेंद्र ठरले.

एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे, तर कोणाला काय करू द्यावे, हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा होता. १९६१ साली अमेरिकेत एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देण्याची युक्ती प्रत्यक्षात आली. १९६९ साली, म्हणजे तारापूरचे केंद्र कार्यान्वित झाले त्याच वर्षी, केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली लिहावयास घेतली. आजच्या असंख्य संगणकांची रीत तिच्यावरूनच आली आहे. डॉ. भाभा आपल्या संस्थांत माणसांच्या बाबतीत जे करत, तेच ही प्रणाली यंत्राच्या आत करते, असे म्हटले तर ते चुकीचे होणार नाही.

या रीतीत प्रत्येक वापरकर्त्याला एक नाव व एक क्रमांक असतो. समान काम करणाऱ्या वापरकर्त्यांचा एक गट बांधतात आणि गटालाही नाव देतात. प्रत्येक फाइलीचा एक मालक ठरलेला असतो, तसाच एक गटही ठरलेला असतो. मग मालक, गट आणि इतर, अशा तिघांना तीन प्रकारचे अधिकार स्वतंत्रपणे देता येतात. ते तीन अधिकार म्हणजे वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा. एखाद्या शाळेचे उदाहरण घेतले, तर हे सहज समजेल. गुणपत्रकाच्या फाइलीचे मालक मुख्याध्यापक आहेत आणि तिचा गट शिक्षकांचा आहे, असे समजू. मालकाला ती वाचता येईल व बदलता येईल. शिक्षकांच्या गटाला, ठरवले तर, ती केवळ वाचता येईल. इतरांना ती उघडताच येणार नाही. नवा शिक्षक शाळेत आला, म्हणजे शेकडो फाइलींवर एकेक करून त्याचे नाव घालण्याची गरज नाही. त्याला शिक्षकांच्या गटात घेतले, की गटाचे सारे अधिकार त्याला लाभतात. तो शाळा सोडून गेला, तर त्याला गटातून कमी केले म्हणजे पुरे होते.

हे काम संगणकाचा व्यवस्थापक कमांड लाइनवर, म्हणजे पडद्यावरील एका ओळीत आज्ञा लिहून करतो. ग्रुपॲड ही आज्ञा नवा गट निर्माण करते. यूजरमॉड ही आज्ञा एखाद्या वापरकर्त्याची नोंद बदलते. तीच त्याला गटात घालते. येथे मात्र फार सावध राहावे लागते. गट दर्शवणाऱ्या जी या अक्षराबरोबर ए हे अक्षरही लिहायचे असते. भर घाल, असा त्याचा अर्थ आहे. ते एक अक्षर विसरले, तर तो मनुष्य नव्या गटात जातो खरा, पण तो पूर्वी ज्या ज्या जोडगटांत होता, त्या सर्वांतून त्याचे नाव निघून जाते. एका अक्षराच्या चुकीने कालपर्यंत उघडणारी दारे आज बंद होतात. म्हणून जाणता व्यवस्थापक आज्ञा दिल्यावर ग्रुप्स ही आज्ञा लिहून कोण कोणत्या गटात आहे, हे पडताळून पाहतो. व्यवस्थापकाचा रूट नावाचा अधिकार सर्वांत मोठा असतो. त्याला काहीच वर्ज्य नसते. त्यामुळेच तो अगदी गरजेपुरता वापरावा आणि प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार द्यावा, हा या शास्त्रातील पहिला नियम आहे.

अणुविद्युत केंद्रात तर अशा शिस्तीवाचून एक क्षणही चालत नाही. तेथे अणुभट्टी हाताळण्याचा अधिकार परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्या चालकांनाच असतो. किरणोत्साराचे मोजमाप करणारे, यंत्रांची देखभाल करणारे, पहारा देणारे, असे प्रत्येकाचे गट व त्यांच्या सीमा ठरलेल्या असतात. असे केंद्र भारतात उभारण्याची तयारी डॉ. भाभांनी १९६० च्या सुमारास चालवली होती. त्यासाठी तारापूरची जागा निवडण्यास सबळ कारणे होती. पश्चिम भारत कोळशाच्या खाणींपासून फार दूर आहे. तेथे कोळसा वाहून आणून वीज करणे महाग पडे. तारापूर मुंबईपासून सुमारे १०० किलोमीटरवर, महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना वीज पुरवण्यास सोयीचे होते. यंत्रे थंड ठेवण्यासाठी लागणारे अपार पाणी समुद्रच देणार होता. १९६३ साली भारत व अमेरिका यांच्यात करार झाला आणि १९६४ साली दोन अणुभट्ट्यांच्या बांधकामास आरंभ झाला.

बांधकाम जोरात चालले असतानाच तो दुर्दैवी दिवस उजाडला. डॉ. भाभा आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते. दि. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे कांचनजंगा हे विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लां या शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. डॉ. भाभांचे वय त्या वेळी अवघे छप्पन्न वर्षांचे होते.

देशाला मोठा धक्का बसला. तशी चिंता वाटावी, असेच कारणही होते. अणुशक्ती आयोगाचे अध्यक्षपद, शासनाच्या अणुशक्ती खात्याचे सचिवपद, तुर्भे येथील केंद्राचे संचालकपद आणि टाटा संस्थेचे संचालकपद, हे सारे भार त्यांनी एकट्याने वाहिले होते. इतके अधिकार एका हाती एकवटले असता तो हात नाहीसा झाला, म्हणजे सारा डोलारा कोसळण्याचे भय असते. परंतु तसे झाले नाही. आयोगाची धुरा डॉ. विक्रम साराभाईंनी घेतली, तुर्भे येथील केंद्र होमी सेठना यांच्याकडे गेले आणि टाटा संस्था डॉ. मेनन यांनी सांभाळली. अधिकार वाटले गेले आणि कामे चालू राहिली, कारण खाली प्रत्येक विषयाचा जाणता गट आधीच उभा होता. संगणकावरही एखाद्या वापरकर्त्याचे खाते काढून टाकले, तरी गट मोडत नाही. गटाच्या स्वाधीन केलेल्या फाइली उरलेल्यांना पूर्वीप्रमाणेच उघडता येतात. मात्र त्याने सारे काही स्वतःच्याच नावावर कुलूपबंद ठेवले असेल, तर त्याच्यामागे इतरांची मोठी पंचाईत होते. डॉ. भाभांनी आपल्या सहकाऱ्यांवर तशी वेळ आणली नाही.

१९६७ साली तुर्भे येथील केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. त्याच वर्षी हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणारा सरकारी कारखाना निघाला. पुढे देशी गणकयंत्रेही तेथे तयार झाली. १९६९ साली तारापूरची वीज वाहू लागली आणि १९७० च्या जानेवारीत इंदिरा गांधींनी ते केंद्र राष्ट्राला अर्पण केले. पुढे २००५ व २००६ साली तेथे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्या भारतीय अभियंत्यांनीच आखल्या व बांधल्या होत्या. त्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांतील कुटुंबांना आपली वडिलोपार्जित घरे सोडून अन्यत्र वसावे लागले. विजेचा लाभ मोजताना या कुटुंबांचा त्यागही स्मरणात ठेवला पाहिजे. तारापूरचा हा परिसर पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तो त्यात आला.

डॉ. भाभा मोठे शास्त्रज्ञ होते, तसेच रसिकही होते. संस्थेच्या भिंतींवर त्यांनी भारतीय चित्रकारांची उत्तमोत्तम चित्रे लावली. बांधकामाच्या वाटेत मोठे झाड आले, तर ते तोडू न देता मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याची व्यवस्था ते करत. झाड जगवायचे तर त्याच्या मुळांभोवतीची माती तशीच राखावी लागते, हे त्यांना ठाऊक होते. माणसांच्या बाबतीतही त्यांनी हेच केले. गुणी माणसे निवडली, त्यांना आपापली भूमी दिली, अधिकार दिले आणि अधिकारांच्या मर्यादाही आखून दिल्या. त्यामुळेच ज्या किनाऱ्यावरचे काम त्यांच्या डोळ्यांदेखत अपुरे होते, तेथे त्यांच्या पश्चात त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून दिवे लागले.